चिंतामणराव देशमुख आणि राज्यकारभारातील उत्तरदायित्व

लोकसत्ताक राज्यात प्रजा हीच राजा, हे वाक्य शाळेतील नागरिकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आपण वाचतो. परंतु राजाने आपल्या कारभाऱ्याकडून हिशेब घ्यावयाचा असतो, आणि जो राजा हिशेब घेत नाही त्याचे राज्य कारभाऱ्याच्या हाती जाते, हा पुढचा धडा मात्र बहुधा वाचावयाचा राहून जातो. दौत आणि लेखणी ही ज्यांची परंपरागत आयुधे, ज्यांच्या पूर्वजांनी शिवकालापासून चिटणिशी आणि फडणिशीची दप्तरे सांभाळली, त्या आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीला हिशेबाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी डॉ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्या चरित्रातील एक भाग निवडला आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि अधिकारपदांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. राष्ट्रीय राजकारणात सचोटी आणि उत्तरदायित्व नांदावे म्हणून त्यांनी काय केले आणि काय मागितले, याविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले आहे.

हा विषय आपल्या तीन गावांपासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. उल्हासनगर हे गावच मुळी केंद्र सरकारच्या एका निर्णयातून जन्मले. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कल्याण छावणीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते हे नाव मिळाले, आणि तेथील प्रत्येक कुटुंबाचे घर, दुकान व नुकसानभरपाई दिल्लीच्या पुनर्वसन खात्याच्या कागदावर अवलंबून राहिली. अंबरनाथची भरभराट ज्या आयुध निर्माणीने केली तीही केंद्राचीच. बदलापूर तर रेल्वेच्या वेळापत्रकावर जगते. दिल्लीत कागद सरळ चालला की त्याचे फळ आपल्या उंबरठ्यावर येते, आणि तो वाकडा चालला तर त्याचा काटाही येथेच रुततो.

पूर्वपीठिका

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. बदलापूरहून कर्जतकडे जाणारी गाडी वांगणी सोडून पुढे निघाली की जो जिल्हा लागतो, तो पूर्वीचा कुलाबा आणि आताचा रायगड हा त्यांचा जिल्हा. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिज, आय. सी. एस., मध्यप्रांत व वऱ्हाडातील नोकरी, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरपद, १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवड, हा क्रम आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही. लक्षात ठेवावयाची गोष्ट एवढीच की, ज्या काळात ते मंत्रिपदी होते त्याच काळात स्वतंत्र भारताची संसद आपल्या सभासदांना आणि मंत्र्यांना जाब कसा विचारावा हे पहिल्यानेच शिकत होती.

मुद्गल प्रकरण

या शिक्षणाचा पहिला धडा १९५१ साली मिळाला, आणि त्याचा संबंध आपल्या मुंबईशी आहे. हंगामी संसदेतील मुंबईचे एक काँग्रेस सभासद एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सोनेचांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या हिताचे प्रश्न संसदेत मांडले, असा आरोप झाला. रक्कम फार मोठी नव्हती. २,७०० रुपये त्यांच्या हाती पडल्याचे दिसून आले. पण प्रश्न रकमेचा नव्हताच. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी स्वतःच्याच पक्षाच्या सभासदाविरुद्ध स्वतः चौकशीचा ठराव आणला आणि पाच जणांची समिती नेमली गेली. टी. टी. कृष्णम्माचारी हे तिचे अध्यक्ष होते. तिच्या सभासदांत जी. दुर्गाबाई या आंध्रकन्याही होत्या. याच दुर्गाबाई पुढे जानेवारी १९५३ मध्ये चिंतामणरावांच्या सहधर्मचारिणी झाल्या आणि त्या विवाहाला साक्षीदार म्हणून पंतप्रधान नेहरू उपस्थित होते.

समितीने मुद्गलांचे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरविले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांना काढून टाकण्याचा ठराव चर्चेला आला तेव्हा त्यांनी आपले भाषण केले आणि मतदानापूर्वीच राजीनामा सादर केला. तरीही सभागृहाने ते हकालपट्टीस पात्र होते आणि अशा रीतीने राजीनामा देणे हाही सभागृहाचा अवमानच होय, असा ठराव केला. यातील मर्म आपण ध्यानी घ्यावे. राजीनामा देऊन निघून गेले की उत्तर देण्याचे कर्तव्य संपले, असे त्या संसदेने मानले नाही. पुढे डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेच्या अकरा सभासदांना काढून टाकण्यात आले, तेव्हा या मुद्गल प्रकरणाचाच आधार स्मरला गेला.

१९५६ चा राजीनामा

आता आपण त्या राजीनाम्याकडे येऊ, ज्यामुळे चिंतामणरावांचे नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचले. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधानांनी नभोवाणीवरून मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला. मुंबईत आगडोंब उसळला आणि गोळीबार झाले. १९५५ च्या नोव्हेंबरपासून चाललेल्या या लढ्यात एकंदर शंभरांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला होता. तो काही काळ थांबविण्यात आला. पुढे जूनच्या आरंभी मुंबईतच भरलेल्या काँग्रेस महासमितीच्या अधिवेशनाच्या वेळी पंतप्रधानांनी मुंबई पाच वर्षे केंद्रशासित राहील असे घोषित केले. त्यानंतर राजीनाम्याचा निश्चय पक्का झाला आणि २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत उभे राहून चिंतामणरावांनी त्याची कारणे सांगितली.

आपण महाराष्ट्रीय त्या भाषणाचा एकच भाग आठवतो. मुंबईसाठी एका मराठी माणसाने अर्थमंत्रिपद फेकून दिले, ही आठवण आपल्याला सुखावते, आणि ती खोटीही नाही. महाराष्ट्राविषयी पंतप्रधानांच्या मनात आकस आहे, असे कठोर विधान त्यांनी त्या दिवशी केले हे खरे आहे. परंतु त्या निवेदनात आणखी दोन तक्रारी होत्या आणि त्या आपण विसरून गेलो. पहिली अशी की, एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर विचारासाठी न येता जाहीर झाला. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक आहे असे घटना सांगते. मग ज्या निर्णयाचा विचारच सर्वांनी मिळून केला नाही, त्याची जबाबदारी सर्वांनी कशी घ्यावी, असा त्यांचा सवाल होता. दुसरी तक्रार गोळीबारासंबंधी होती. माणसे मेली असता न्यायालयीन चौकशी व्हावयास हवी, आणि ती नाकारली जाते हे लोकशाहीला शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

नेहरूंनी हे आरोप मान्य केले नाहीत. धोरण जाहीर करण्याचा पंतप्रधानाला अधिकार असतो, अशी त्यांची भूमिका होती, आणि निःपक्षपाती वाचकाने तीही ऐकून घ्यावी. पण दोन्ही बाजू लोकसभेत उघडपणे मांडल्या गेल्या, छापल्या गेल्या आणि आज सत्तर वर्षांनी आपण त्या वाचून आपले मत बनवू शकतो. उत्तरदायित्व म्हणतात ते हेच. मंत्र्याने पद का सोडले हे पत्रकारांच्या कानगोष्टींतून कळू नये, त्याने सभागृहात उभे राहून सांगावे, ही प्रथा चिंतामणरावांनी पूर्ण गांभीर्याने पाळली.

मुंबईचा प्रश्न पुढे सुटला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक आले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या राजीनाम्यातील भाषिक मागणी अशी चार वर्षांत पुरी झाली. त्यातील उत्तरदायित्वाची मागणी मात्र तशीच राहिली.

मुंद्रा प्रकरण

चिंतामणराव मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर दीड वर्षाच्या आत या मागणीची निकड साऱ्या देशाला पटली. अर्थमंत्री असताना त्यांनीच जानेवारी १९५६ मध्ये विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली होती, आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. अंबरनाथच्या कारखान्यातील कामगार, उल्हासनगरच्या छावणीतील दुकानदार, बदलापूरचा शाळामास्तर अशा सामान्य माणसांच्या हप्त्यांतून जमलेला तो निधी. या निधीतून १९५७ साली हरिदास मुंद्रा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेण्यात आले. सरकार पक्षाचेच सभासद फिरोज गांधी यांनी डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत हा विषय लावून धरला.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. छागलांनी ही चौकशी मुंबईत, उघड्या दरवाजाने, सर्व जनतेसमक्ष चालविली आणि अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी १९५८ मध्ये, अहवाल दिला. आपल्या सचिवाने केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागते, सचिवाकडे बोट दाखवून मंत्र्याला सुटता येत नाही, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले. हे अर्थमंत्री म्हणजे टी. टी. कृष्णम्माचारी, मुद्गल समितीचे अध्यक्ष. सात वर्षांपूर्वी ज्यांनी एका सामान्य सभासदाला जाब विचारला, त्यांनाच आता जाब द्यावा लागला. कालांतराने ते मंत्रिमंडळात परतले हे खरे. पण जाबापुढे लहानमोठा कोणी नाही हा नियम त्या क्षणी तरी सिद्ध झाला.

येथे एक प्रश्न उभा राहतो. फिरोज गांधींसारखा चिकाटीचा सभासद नसता तर? छागलांसारखा न्यायमूर्ती नेमला गेला नसता तर? प्रत्येक प्रकरणी सरकारच्या मर्जीने आयोग नेमला जाणार असेल, तर ज्याची चौकशी व्हावयाची त्याच्याच हाती चौकशीची किल्ली राहते.

१९५९ ची सूचना

नेमके हेच चिंतामणरावांनी ओळखले. १९५९ साली, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना, मद्रास येथील एका व्याख्यानात त्यांनी सूचना केली की, उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक कायमचे, उच्च दर्जाचे, निःपक्षपाती न्यायमंडळ असावे. असे मंडळ स्थापन झाले तर आपण स्वतः पाचसहा प्रकरणे त्याच्यापुढे ठेवू, असेही त्यांनी सांगितले. देशभर खळबळ उडाली. नेहरूंनी ही सूचना मान्य केली नाही. अशा मंडळामुळे परस्परांवर चिखलफेक होईल आणि कारभारात संशयाचे वातावरण पसरेल, अशी त्यांना भीती वाटत होती.

ही भीती अगदीच निराधार नव्हती, हे पुढच्या काळात खोट्या तक्रारींचे जे पीक आले त्यावरून मान्य करावे लागेल. चिंतामणरावांवरही आक्षेप घेता येईल: प्रकरणे ठाऊक होती तर मंडळाची वाट का पाहावी, नावे तेव्हाच का जाहीर करू नयेत? मला याचे उत्तर त्यांच्या स्वभावात दिसते. ते अर्थखात्यात मुरलेले गृहस्थ होते. पुरावा तपासणारे पीठ नसताना नावे उच्चारणे म्हणजे चव्हाट्यावर शिक्षा सुनावणे, आणि ते त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. आरोप करणाऱ्यालाही जाब द्यावा लागेल अशी जागा त्यांना हवी होती. आज कोणीही उठतो, कोणावरही चिखल उडवितो आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो. अशा दिवसांत हा भेद पुनःपुन्हा सांगितला पाहिजे.

सूचना नाकारली गेली तरी बीज वाया गेले नाही. १९६२ साली लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना के. संतानम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला आणि मंत्र्यांसाठी आचारसंहिता आली. १९६३ साली संसदेतील चर्चेत डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी ‘लोकपाल’ हा शब्द दिला. १९६६ साली प्रशासन सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त असावेत अशी शिफारस केली. या बाबतीत आपल्या महाराष्ट्राने मान उंच करावी असे कार्य केले. १९७१ साली लोकायुक्तांचा कायदा करून ही संस्था प्रत्यक्ष उभारणारे पहिले राज्य महाराष्ट्र होय.

केंद्रात मात्र काय घडले? १९६८ पासून २००१ पर्यंत लोकपालाचे विधेयक आठ वेळा संसदेत आले आणि आठही वेळा बारगळले. सरकारे बदलली, पक्ष बदलले. विधेयक मात्र सर्वांच्याच हातून निसटत राहिले. अखेर राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी एप्रिल २०११ मध्ये दिल्लीत उपोषण केले, देश जागा झाला, २०१३ साली कायदा संमत झाला आणि जानेवारी २०१४ मध्ये अमलात आला. तरी पहिल्या लोकपालांची, न्यायमूर्ती पिनाकीचंद्र घोष यांची, नेमणूक व्हावयास मार्च २०१९ उजाडला. १९५९ ते २०१९, बरोबर साठ वर्षे! सूचना करणारे चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजीच हे जग सोडून गेले होते. नाते गावच्या सुपुत्राने मागितलेली गोष्ट राळेगणच्या सैनिकाच्या उपोषणानंतर मिळावी, यात महाराष्ट्राचे भूषण आहे आणि देशाला लागलेल्या विलंबाची खंतही आहे.

आपले कर्तव्य

येथे कोणी विचारील, आता संस्था झाली, कायदा झाला, मग अडले कोठे? अडले आहे ते विचारणाऱ्यापाशी. विहीर बांधली तरी पाणी शेंदण्यासाठी पोहरा लागतोच, आणि दोर ओढावा लागतो. आज सामान्य नागरिकाच्या हाती जी साधने आहेत ती १९५९ साली चिंतामणरावांच्याही हाती नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी खटले शपथपत्रावर जाहीर करावे लागतात. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली केला आणि २००५ साली तो साऱ्या देशाला मिळाला. लोकायुक्तांचे दार पन्नासहून अधिक वर्षे उघडे आहे. अंबरनाथ आणि उल्हासनगर कल्याण लोकसभा मतदारसंघात येतात, बदलापूर भिवंडी मतदारसंघात. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या उमेदवाराचे शपथपत्र मतदानापूर्वी वाचले? मत कोणाला द्यावे हे कोणी कोणाला सांगू नये, आणि ज्ञातिसंस्थेने तर मुळीच सांगू नये. पण वाचून द्यावे एवढे सांगण्याचा अधिकार वृद्ध शिक्षकाला असावा.

जाब न विचारल्याचा परिणाम पाहावयास दिल्लीला जाण्याचे कारण नाही. उल्हासनगरात वर्षानुवर्षे परवानगीवाचून इमारती उभ्या राहिल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पाडापाडीचे आदेश झाले आणि अखेर २००६ साली त्या नियमित करण्यासाठी विधिमंडळाला त्या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. तिचा पाया खणला जात असता, पहिला मजला चढत असता, विजेची आणि पाण्याची जोडणी मिळत असता ज्यांनी पाहिले आणि विचारले नाही, त्यांत अधिकारी होते, लोकप्रतिनिधी होते आणि शेजारीपाजारीही होते. शेवटी टांगती तलवार राहिली ती आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या संसारांच्या डोक्यावर.

आणखी एक गोष्ट, ती थोडी कडू आहे, पण स्मरणिका घरातल्या माणसांसाठी असते म्हणून सांगतो. ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक सभांत गुणवंत मुलांच्या सत्काराला आणि करमणुकीच्या कार्यक्रमाला दालन भरून जाते. खजिनदार ताळेबंद वाचू लागला की मंडळी चहाला उठतात, आणि ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो. खजिनदार प्रामाणिक आहे हे आपणांस ठाऊक असते, म्हणूनच आपण विचारीत नाही. पण प्रामाणिक खजिनदाराला तर प्रश्नांचा आनंदच वाटावयास हवा, कारण प्रश्नाने त्याचा प्रामाणिकपणा सर्वांसमोर सिद्ध होतो. ज्या घरात, ज्या संस्थेत, ज्या नगरपरिषदेत हिशेब विचारणे हा अविश्वास समजला जातो, तेथून निवडून गेलेला माणूस दिल्लीत हिशेब देण्यास उत्सुक असेल, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? पंचवीस-तीस वर्षांचे जे तरुण ज्ञातिबांधव आणि भगिनी आज बँकांत, कचेऱ्यांत, संगणकाच्या कंपन्यांत हिशेब तपासण्याचेच काम करीत आहेत, त्यांनी पुढील सभेत पहिल्या रांगेत बसून ताळेबंदावर दोन प्रश्न विचारावेत. सभेला पंधरा मिनिटे अधिक लागतील, लागू द्यावीत.

चिंतामणरावांना आपण ज्ञातिरत्न म्हणतो. वस्तुतः ते एका ज्ञातीत मावणारे नव्हते. त्यांनी ज्ञातीबाहेर विवाह केला, प्रांताबाहेर सेवा केली, आणि पक्षाबाहेर पडण्याचे धैर्य दाखविले. त्यांच्यावर आपला हक्क सांगावयाचा तर तो जन्मामुळे सांगता येणार नाही; त्यांची रीत आपण उचलली तरच सांगता येईल. निर्णय सर्वांसमक्ष व्हावा, माणूस मेला तर चौकशी व्हावी, आरोप करणाऱ्याने पुराव्यासह उभे राहावे आणि पद सोडणाऱ्याने कारण सांगून जावे, या त्यांच्या चार मागण्या. त्यांतली एकही मागणी जुनी झालेली नाही. पूर्वजांनी आपल्या हाती लेखणी दिली ती सत्काराची मानपत्रे लिहिण्यासाठी खचितच नव्हे. जमेच्या बाजूस जमा आणि खर्चाच्या बाजूस खर्च लिहिण्यासाठी दिली. ती लेखणी आपण कोरडी पडू देऊ नये, एवढीच सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती.